पाच गुणांचा प्रश्न

वारंगा फाटा,
१० डिसेंबर २०२५

चि. शिला,

अनेक आशीर्वाद. धनसिंगभाऊंना आणि तुझ्या आईला नमस्कार सांग. तांड्यावर थंडी जास्त असेल, कान बांधून अभ्यासाला बसत जा. इकडे ठीक आहे. वसतिगृहात दोन नवे पंखे बसले, तेही डिसेंबरात. तुला घरी पाठवून अठरा दिवस झाले. तुझ्या खाटेवर अजून कुणी झोपत नाही.

फोनवर मी अर्ध्यातच विषय बदलला असता, म्हणून पत्र. तेही तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. शाळेच्या पेटीत टाकणार नाही. तिथली पत्रं आधी कोण वाचतं, तुला माहीत आहे. मीच वाचते, आणि मग मोठ्या सरांकडे देते.

सहामाहीला मी प्रश्न काढला होता: हुकूमशाही सरकारं आपली सत्ता लोकांना कशी पटवून देतात? उदाहरण द्या. बाकीच्यांनी लांबलांबचे देश लिहिले. तू तुझ्याच बोलीत लिहिलंस, "पहिले सांगतात, आमच्याआधी तुमी उपाशी होता. मग सांगतात, बाहेर लई धोका हाय, दार तुमच्याच भल्यासाठी लावलं. निवडणूक घेत न्हाईत, कारण लोक अजून शहाणे झाले न्हाईत. शेवटी आपल्याकडूनच लिहून घेतात की आमी सुखी आहोत. उदाहरण, आमचं वसतिगृह."

वाचून मी एकटीच हसले. तीन वर्षं विद्यार्थी मंत्रिमंडळाची निवडणूक नाही, आणि दर महिन्याला मुलींचं समाधानपत्र. त्याचा मजकूर फळ्यावर लिहून देणारी मीच. तरी कौतुक आवरेना. अक्कल गहाण ठेवून तो पेपर मोठ्या सरांना दाखवायला नेला.

ते म्हणाले, "हे कोणी शिकवलं हिला?"

शिला, मी म्हणाले, "घरून शिकून आली असेल."

मग सरांनी धनसिंगभाऊंना बोलावून सगळ्यांसमोर झापलं. भाऊ म्हणाले, "सर, म्या चवथीबी न्हाई झालो. मी काय शिकवून राहिलो लेकराला?" मी शेजारीच उभी होते, पदर नीट करत. त्याची लाज वाटते. तांड्यावर यायची हिंमत त्यामुळेच होत नाही.

सोमवारी शिपाई माफीनामा घेऊन येईल. मुलीला घरी चुकीचं शिकवलं, असं त्यात आहे. अक्षर माझंच आहे. भाऊंना सही करू देऊ नकोस. सही केली तरच दहावीला बसू देऊ, असं सांगतील. तुझा फॉर्म मी कधीच भरलाय. हॉलतिकीट अडवलं तर बोर्डात मी येईन तुझ्यासोबत.

काल हिंगोलीला जाऊन शिक्षणाधिकारी साहेबांकडे लेखी दिलं की हा धडा वर्गात मी शिकवला. त्याची झेरॉक्स सोबत आहे, सोमवारी शिपायाला दाखव. नोकरीचं काय होईल ते होईल. कालपासून एका जागी बसवत मात्र नाही, चहा ठेवते आणि विसरते.

तुझा पेपरही पाठवतेय. सरांसमोर मी पाचाचे दोन केले होते. आता पुन्हा पाच लिहिलेत. खाडाखोड दिसेल. दिसू दे.

तुला ते शिकवणारी,
संध्याबाई