नावाड्याची हाक

अलेक्झांड्रिया
मंगळवार, ११ नोव्हेंबर

प्रिय रीहाम,

सलाम. तुझी तब्येत, सबरीकाकांचा गुडघा आणि दुकानातली ती आगाऊ मांजर, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. आम्ही मजेत. दर नोव्हेंबरला येणारं ते 'झाडू' वादळ रविवारपर्यंत येईल असं मासळीबाजारात म्हणतायत, म्हणून आईने गच्चीवरची कबुतरं आत घेतलीयेत आणि घरभर पिसं झाली आहेत.

तुमचं पुस्तकबांधणीचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे असताना पत्र कशाला, असं म्हणशील. समोर आलो की मी एकतर भांडतो, नाहीतर थाप मारतो. कॉलेजही असंच गेलं. मास्तरांशी हुज्जत, त्यांच्यासमोर पेपर फाडला, आणि घरी सांगितलं की सुट्टी लागली. कागदावर माझा हात जरा सावकाश चालतो.

आई शुक्रवारी तुमच्याकडे यायची होती. कशासाठी ते तुला माहीत आहे, बसबूसासारख्या मिठाईचा ट्रे घेऊन मुलीच्या घरी कुणी उगाच येत नाही. त्याबद्दल शेवटी लिहितो.

फोनच्या ऑफिसात परदेशी गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन जे इंग्रजी शिकलो, तेच तुला शिकवलं. आठवतं? "इंग्रज माणूस नुसता हुकूम देत नाही, आधी उशी ठेवतो. कुड, वुड, माइट. आणि त्याची क्रियापदं शेपटीवाली असतात. 'टर्न' म्हणजे वळणं, पण शेपूट 'अप' असलं की कुणी उगवतं, 'डाऊन' असलं की कुणी नकार देतं." तू सरस ढवळत विचारलंस, "मग ट्राममध्ये 'सरक की पुढे, म्हशी' कसं म्हणायचं?" मी म्हटलं, "कुड यू मूव्ह अप, प्लीज." सबरीकाका चामडं तासता तासता म्हणाले, "एवढं बोलेपर्यंत माझा थांबा निघून जाईल, गाढवा!" तू इतकी हसलीस की सरस उतू गेला.

मग तू गंभीरपणे विचारलंस, "उशी ठेवतात म्हणजे मनातून नको असतं का रे त्यांना?" मी छाती फुगवून सांगितलं, "छे! उशी सभ्यतेची. आतलं बोलणं खरंच असतं."

हे तुला मीच शिकवलं होतं. एवढं लक्षात ठेव, म्हणजे पुढचं कळेल.

शनिवारी त्या इंग्रज बाई, मिसेस थॉर्नबी, दुकानात आल्या. तू बांधलेला तो नकाशांचा ग्रंथ त्यांनी उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहिला. पुस्तकाच्या कण्यावरून बोट असं फिरवलं की जणू एखाद्या लहान मुलाची पाठ. मस्कतला जुनी पुस्तकं दुरुस्त करायची कार्यशाळा काढतायत म्हणाल्या, काम दोन वर्षांचं. आणि मग तुझ्याकडे बघून, "यू कुड ड्रॉप इन ऑन थर्सडे. वी माइट टेक यू ऑन." गुरुवारी डोकावून जा, बहुतेक तुला कामावर घेऊ.

तुला अर्थ लागला होता. तुझ्या हातातली सुई थांबली, मी पाहिलं. तरी तू माझ्याकडे वळलीस. तुझा स्वतःच्या कानांपेक्षा माझ्यावर भरवसा.

"बासेम, खरंच बोलावतायत का रे?"

"अगं, नावाड्याची हाक ती," मी म्हणालो.

काकांना केवढं हायसं वाटलं! "हां! नाव भर पाण्यात, आणि हा रोटी उंचावून काठावरच्याला ओरडतो, 'या जेवायला!' ओला व्हायला कोण जाणार?" तुलाही ते पटलं, कारण आपण सगळे उठता-बसता तसंच बोलावतो. टॅक्सीवालाही "राहू द्या, तुमचीच गाडी" म्हणतो, आणि खरंच पैसे न देता उतरलं तर कॉलर धरतो. तू "बरं" म्हणालीस आणि पुन्हा शिवायला लागलीस. टाके मात्र वाकडे पडत होते. तुझे टाके वाकडे पडलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

मी खोटं बोललो, रीहाम. बाईंना तू खरंच हवी होतीस. मी मस्कत ऐकलं, दोन वर्षं ऐकलं, आणि माझं डोकं फिरलं.

पत्र इथेच संपवणार होतो. चहा पिऊन आलो, तरी संपेना. अजून एक आहे.

बाईंना ट्रामपर्यंत सोडायला मीच गेलो होतो ना, मोठा अदबशीर! कोपऱ्यावर त्यांनी विचारलं, "ती येईल ना?" मी माझ्या गोड, फोनवाल्या आवाजात म्हणालो, "शी माइट हॅव टू टर्न इट डाऊन." वडिलांचा दुखरा गुडघा, घरात लग्नाची बोलणी... नकार द्यावा लागेल बहुतेक तिला. किती मऊ उशी ठेवली मी! त्याच उशीने तुझं तोंड दाबलं.

तीन दिवस आई बसबूसासाठी बदाम सोलतेय आणि मी सोललेले बदाम मोजत बसतोय.

आज सकाळी बाईंच्या लॉजवर गेलो. त्या नाश्ता करत होत्या. कुड नाही, माइट नाही, सगळं सरळ सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. "गो अँड टेल हर." बस, एवढंच. उशी नाही, बसायला खुर्चीसुद्धा नाही. फोनवर शिव्या देणारे परवडले.

तेव्हा ऐक. गुरुवारी सकाळी दहा वाजता, रामल स्टेशनमागचं हिरव्या दाराचं लॉज. त्या तुझी वाट बघणार आहेत. नकाशांचा ग्रंथ बरोबर ने. काकांना दवाखान्यात मी नेत जाईन, त्यांनी दारात उभं केलं तर. हे वाचून ते चामड्याची सुरी फेकून मारतील. मी बाजूला होणार नाही.

शुक्रवारी आई येणार नाही. मीच नको म्हटलं. तिने कारण विचारलं, मी खरं तेच सांगितलं. तिने ट्रे फडताळात ठेवला आणि कबुतरांशी बोलत बसली. माझ्याशी अजून बोललेली नाही.

उत्तर लिहू नकोस. जायचं की नाही ते तू तुझ्या कानांनी ऐकून ठरव. या वेळी अर्थ सांगायला मध्ये मी नाही.

कधी परत आलीस, तर कोपऱ्यावर चहाला ये. ही नावाड्याची हाक नाही. मी काठावरच उभा आहे.

'तुझा' लिहायची लाज वाटते, म्हणून नुसताच,
बासेम