मासळीच्या पेटीला तीन नळ

वरोर
ता. २० जानेवारी २०२५

ती. दौलतदादास,
गोदूचा नमस्कार.

नाय, मी डीप फ्रीज विकलेला नाय. भाड्यानं दिला नाय, मोडीत पण काढला नाय. पेटी जिथं होती तिथंच आहे, स्वयंपाकघरात, मोरीच्या बाजूला. फक्त आता तिला तीन नळ आहेत.

फोनवर सांगितलं असतं, पण तुझे कान गेलेत. तू नुसता हां हां करतोस आणि फोन ठेवला की वहिनीला विचारतोस, गोदू काय बोलली. म्हणून लिहिते.

तुझा सुनिल दारू सोडून माझ्याकडे राहायला आला त्याला होळीला वर्ष भरेल. तू हात जोडलेस, मी ठेवून घेतला. माझं काय बिघडलं नाय. फ्रीज, एसी दुरुस्त करतो, डहाणूपर्यंत लोक बोलावतात, वेळेवर जेवतो. निलम पोरीला घेऊन तलासरीला गेली तेव्हा काय बोलली ते तुला माहीतच आहे. एक वर्ष कोरडं काढू दे, मग रियाला घेऊन परत येते. आणि त्याची खबर सासऱ्याकडून नको, सासरा पोराला पाठीशी घालतो. आत्याच्या हातची चिठ्ठी पाहिजे, दर महिन्याला. दहा चिठ्ठ्या मी तलासरीला टाकल्या. 'प्यायला नाय. गोदूबाई.' एवढंच. दहाच्या दहा खऱ्या.

आता ऐक. शनिवारी बाजारातून आले तर पेटीचं झाकण जमिनीवर, माझी सुरमई शेजारी दक्षाकडे नेऊन ठेवलेली. पेटी आणि झाकणाच्या मध्ये यानं वीतभर उंच लाकडाची चौकट बसवलेली, चौकटीला भोकं, भोकांत चकचकीत नळ. मला वाटलं गार पाण्याचं मशीन करतोय. उन्हाळा येतोय, करू दे. विचारलं तर हसून बोलला, आत्या, बिअर.

मी जिथं उभी होते तिथंच खाली बसले. टोपली डोक्यावरच.

डहाणूला किनाऱ्यावर कोण पांड्याशेठ आहे, त्याचं लायसनवालं हॉटेल आहे. त्याला बिअरचे नळ पाहिजेत, आणि विकतच्यापेक्षा चांगलं मी बनवून देतो असं हा सांगून आला. स्टीलचं पिंप आत ठेवायचं. बाजूला गॅसची बाटली. गॅस पिंपात दाब देतो, नळ ओढला की बिअर बाहेर. पेटी बर्फ करते आणि बिअरला बर्फ चालत नाय, म्हणून एक डबी लावलीय. पेटीची वायर डबीत, डबीची वायर भिंतीत. पुरतं गार झालं की डबी लाईट तोडते, गरम व्हायला लागलं की जोडते. जमलं तर शेठ त्याला कायमचा कामावर घेणार. हे सगळं त्यानं इतक्या आनंदात सांगितलं की मला धड ओरडता पण आलं नाय.

दादा, ज्यानं दारूपायी बायको घालवली तो माझ्या चुलीपासून चार पावलांवर दारूचा नळ बसवतो. तुझ्या डोक्यात शिरतं का? माझ्या नाय शिरत. दोन दिवस मी त्या नळांकडे पाठ करून भाकऱ्या थापतेय.

वहिनीला विचारलं सांग. लोभ आहेच, दर पत्रात मागायला नको.

गोदू


वेवजी
ता. २७ जानेवारी २०२५

चि. गोदूस,
दौलतचा आशीर्वाद. आम्ही खुशाल होतो, तुझं पत्र येईपर्यंत.

तुझी वहिनी वाचून दाखवत होती आणि मध्येच थांबली. मला वाटलं चष्म्याला काय झालं. मग मी स्वतः वाचलं. दोनदा वाचलं. जेवण गेलं नाही.

इथून दोन शेतं ओलांडली की गुजरात. तिकडं दारूबंदी. कोणाकडं नळाला बिअर येते असं कळलं तर वेवजीपासून वरोरपर्यंत रांग लागेल. हे हसायला लिहिलं, पण मलाच हसू आलं नाही.

पण गोदू, तो कामच करतोय ना. मिठाईवाल्याला काय मिठाई खावीच लागते? हे मी तुला सांगतो आणि रात्री मला स्वतःला पटत नाही, ते सोड. सुनिल गॅसचा व्हॉल्व घ्यायला शनिवारी वापीला जाणार आहे आणि सोमवारपर्यंत आमच्याकडे राहणार आहे. मी विचारतो त्याला. मागं दिवाळीला आला तेव्हा त्याच्या आईनं त्याचं तोंड हुंगलं, मी हुंगलं, शेजारचा धाकल्या पण येऊन हुंगून गेला.  बाजारात दात बघताना बैल उभा राहतो तसा सुनिल उभा राहिला. मला लाज वाटली, पण हुंगायचा मी थांबलो नाही.

आता एक मागणं आहे. पुढच्या महिन्याच्या चिठ्ठीत पेटीचं लिहू नको. प्यायला नाही एवढंच लिही, ते खरंच आहे. नळाचं कळलं तर निलम येणार नाही. रियाला मी वर्षभर बघितलं नाही. पुढचे दात पडून नवे आले म्हणे. होळीला दीड महिना राहिलाय गोदू, दीडच महिना.

जास्त लिहिलं तर तू रागावशील. माया कमी करू नको, रागासकट चालेल.

दौलत


वरोर
ता. ५ फेब्रुवारी २०२५

ती. दौलतदादास,
गोदूचा नमस्कार.

सुनिल तुझ्याकडून सोमवारी दुपारी नीट पोचला. व्हॉल्व पण पोचला. त्याचा आता उपयोग नाय.

तो दारात चपला काढतोय तोवर पांड्याशेठ हजर. पांढरा शर्ट, बरोबर दोन पाहुणे, नळ कसा चालतो ते बघायला. पिंप त्यानंच भरून पाठवलं होतं. दक्षा कुंपणावरून बघत होती, तिला घरी काय काम नसतं. सुनिलनं एक नळ ओढला. काय नाय. दुसरा ओढला. काय नाय. शेठ पाहुण्यांकडे बघून हसला. सुनिलनं झाकण उघडलं तर आत पिंप फुगलेलं, दिवस भरलेल्या बाईच्या पोटासारखं, आणि अंगावर बोटभर बर्फ. बिअर गोठली होती. गोठलं की फुगतं, हे मासळीवालीला कोणी शिकवायला नको. तो आत वाकला, पिंपाच्या तोंडाचं कडं सैल करायला गेला, आणि आवाज झाला.

दादा, असा आवाज मी जन्मात ऐकला नाय. बर्फ आणि फेस थेट कौलापर्यंत. भिंतीवर, देवाच्या फोटोवर, पिठाच्या डब्यावर. शेठचा शर्ट अंगाला चिकटला, आतली बनियन दिसायला लागली. एक पाहुणा पळताना माझ्या तुळशीला धडकला. कोंबड्या दुसऱ्या दिवशी पण घरात येईनात.

सुनिलला लागलं नाय. हनुवटीला खरचटलंय तेवढंच. शेठ ओला तसाच गाडीत बसला.

कशानं गोठलं ते विचारू नको. सुनिलनं भिंतीतली वायर बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि फडकं आणायला गेला. त्यानं पण विचारलं नाय.

तुझं मागणं वाचलं. मी खोटं लिहिणार नाय आणि अर्धं खरं पण लिहिणार नाय. पण तुला सांगते, चिठ्ठी अजून टाकलेली नाय. कागद काढते आणि ठेवते.

गोदू


तलासरी
ता. १२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यांना,
निलमचा वाकून नमस्कार.

या महिन्याची तुमची चिठ्ठी आली नाही. दहा महिन्यांत कधी पाच तारीख चुकली नव्हती. मी पोस्टमनला दोनदा विचारलं.

चिठ्ठीच्या ऐवजी बाजारात दक्षाताईंची बहीण भेटली. ती इथं भाजीला बसते. तिनं भर गिऱ्हाइकांत सांगितलं की तुमच्या घरात बिअरचं मशीन आहे, ते यांनीच बनवलंय, आणि ते फुटलं तेव्हा हे डोकं मागं टाकून, तोंड उघडं ठेवून उभे होते आणि वरून बिअर पडत होती. दक्षाताईंनी डोळ्यांनी पाहिलं. आत्या, मला रडायला पण आलं नाही. हातातली मेथी कुठं ठेवली तेच आठवत नाही. घरी आल्यावर रियानं विचारलं भाजी कुठे, तेव्हा हात रिकामे दिसले.

मी होळीची वाट बघत होते हे तुम्हाला कधी लिहिलं नाही. रियाचा शाळेचा दाखला काढायला अर्ज दिला होता. काल जाऊन परत घेतला.

मशीनचं तुम्ही मला का कळवलं नाही ते मी विचारत नाही. एकच विचारते, कारण तुम्ही मला कधी खोटं लिहिलेलं नाही. ते प्यायले का? हो किंवा नाही, एका शब्दात लिहा. तुमच्या शब्दावर मी चालेन.

तुमचा लोभ होता, अजून असेल असं समजते.

निलम


वरोर
ता. १७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. निलमला,
गोदूआत्याचा आशीर्वाद. रियाचा पापा घे.

एका शब्दात येत नाय. येत असतं तर पाच तारखेलाच टाकलं असतं.

पहिलं हे की पेटी मी बिघडवली. हे मी दादाला पण लिहिलं नाय, तुला लिहिते. चाळीस वर्षं मासळी विकली मी. पेटीचा आवाज बंद झाला की मी हातातलं टाकून धावते, गप्प पेटी म्हणजे सडलेला माल. सुनिल शनिवारी वापीला गेला आणि पेटी गप्प. दिवा विझलेला. हात घालून बघितला तर नुसती गार, बर्फाचा पत्ता नाय. डबी लाईट तोडते हे त्यानं मला सांगितलं होतं. मी ऐकलं पण होतं. पण हाताला सवय असते. मी डबीतून वायर उपटली, सरळ भिंतीत घातली, आणि आतलं गारव्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. पिंपाच्या कडेला जागा दिसली म्हणून दक्षाकडची सुरमई पण आणून ठेवली. दोन दिवस पेटी छान घरघरत होती आणि मी खूश होते की माल वाचवला.

दुसरं. तो प्यायला का ते मी बघितलं नाय. तू माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवलास आणि नेमकं तेव्हाच मी पळाले. मोरीच्या मागं जाऊन डोक्यावर पदर घेऊन बसले. दक्षानं सांगितलं ते खोटं नाय. तो डोकं मागं टाकून उभाच असणार, तोंड उघडं असणार. तोंडावर तोफ फुटल्यावर कोण तोंड मिटून घेतं? माझं तर भिंतीपलीकडे पण उघडं होतं.

बाहेर आले तेव्हा तो चुळा भरत होता. एक बादली संपवली, दुसरी भरली. मी जवळ गेले, हुंगायला नाय, टॉवेल द्यायला. हुंगून काय कळणार होतं, सगळं घरच वास मारत होतं. तर तो माझ्याकडे न बघता बोलला, "आत्या, तोंडात गेली. थोडी घशाखाली पण उतरली. निलमला तसंच लिही. वर्ष आजपासून परत मोजायचं."

मला मशीन फुटल्याचा बसला नव्हता एवढा धक्का याचा बसला. मी त्याला मूर्ख बोलले. बोलले, होडीतून पडलेल्याच्या नाकातोंडात पाणी जातं, त्याला कोणी पाणी प्यायला असं बोलत नाय. कोणी बघितलं नाय, होळी महिन्यावर आहे, पोरगी वाट बघतेय, गप्प बस. हो, हे मी बोलले, मी, जिनं दोनच दिवसांनी दादाला, अर्धं खरं लिहिणार नाय, असं पत्रातून झाडलं. तो बोलला की चव लगेच ओळखीची लागली, म्हणून घाबरलो. मग कॅलेंडरवर होळीला केलेली खूण त्यानं खोडली. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर घरात कुठून असणार, म्हणून पेटीच्या वरच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं, ३ फेब्रुवारी. माझी भिंत गेल्या दिवाळीलाच रंगवलेली.

शेठचा माणूस परत आला होता. शर्टाचं काय नाय, दुसरी पेटी बनव, बोलला. सुनिलनं सांगितलं की एसी करीन, फ्रीज करीन, बिअरची पेटी नाय करणार. मी आत होते, मी खुणा पण केल्या नव्हत्या. शेठनं अजून काय कळवलेलं नाय. कायमचं काम गेलं असं समजून चालायचं.

तर तुझा शब्द. घशाखाली गेली म्हणजे हो. प्यायला म्हणशील तर नाय. यातला कुठला धरायचा ते मला ठरवायला सांगू नको. ही अकरावी चिठ्ठी, बारावी मी लिहिणार नाय. पस्तीस वर्षांच्या बाप्याचं तोंड हुंगून कागदावर उतरवायचं काम मी सोडलं. तो स्वतःची खबर स्वतः देतो आणि माझ्यापेक्षा कडक देतो. जुनं वर्ष धर, नवीन धर, अर्ज परत दे, देऊ नको, तुम्ही दोघं बघा. त्याला विचारायचं असेल तर वरोरची एसटी कुठून सुटते ते तुला माहीत आहे. दुपारी तो घरी असतो.

मला परत पत्र टाकून विचारू नको. दादालाही हेच कळवते. या गोष्टीवर यापुढं मी एक अक्षर बोलणार नाय.

गोदूबाई