दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

१ फेब्रुवारी, रविवार

आज पुन्हा तेच केलं. आणि आज तर हातवाऱ्यांसकट!

चष्मेवाल्यांच्या दुकानामागची खोली. रविवारी दुकान बंद असतं, दहा ते बारा आम्ही चौघं आणि रेकॉर्डी. त्याही एकाच बँडच्या, आणि त्यातल्या पहिल्या दोनच. नंतर ते एवढे मोठे झाले की जगाला त्यांची गाणी पाठ झाली. त्या गाण्यांना आमच्या खोलीत मज्जाव आहे. मास्तर म्हणतात, ज्या दिवशी त्यांचा ड्रमर वेळेवर वाजवायला लागला त्या दिवशी तो बँड संपला.

आज वाद दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यावरून. मधे सात-आठ ठोके एकाच हाताने वाजवल्यासारखे येतात. नर्सबाई म्हणाल्या, मुद्दाम आहे, म्हणून तर अंगावर काटा येतो. मास्तरांनी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलंय, ते घड्याळ लावून बसले होते. त्यांचं म्हणणं, काठी हातातून सुटली, दुसरी घेईपर्यंत एवढा वेळ लागतोच. अर्धा तास जुंपली. मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

“ताई, तुम्ही सांगा. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.”

सांगितलं. कारखान्याच्या कँटीनचा हॉल, घडीच्या खुर्च्या, बँडला तेव्हा कुत्रं ओळखत नव्हतं. ह्याच गाण्यात काठी उडाली ती पहिल्या रांगेतल्या एका टकल्याच्या मांडीवर. गायकाला हसू फुटलं, तो भलत्याच कडव्यात शिरला. म्हणजे काठी सुटायची त्याची खोडच होती. मास्तरांनी टाळी वाजवली. नर्सबाई हरल्या, पण आनंदाने हरल्या.

मी त्या हॉलमध्ये कधी पाऊल ठेवलेलं नाही. तिथे दादा होता.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर कवळ्यांना घासून चकाकी आणली. हात कामात असले की डोकं मोकाट सुटतं.

हे कसं सुरू झालं? दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेले त्या रविवारी. त्याआधी एकदा चष्म्याचा नंबर काढायला गेले होते, आत ती रेकॉर्ड लागलेली ऐकली आणि पाय निघेना. चष्मेवाले म्हणाले, या की रविवारी. गेले. तिघंही एवढं जाणून होते — कुठल्या गाण्यात खुर्ची करकरते, कुठे कोण खोकतं. मी कोपऱ्यात गप्प. लॅबमध्येही गप्पच असते. लोकांचे दात बनवणारी बाई, तिला कोण विचारतं? मग मास्तरांनी विचारलं, तुमचं कसं काय ह्या गाण्यांशी जमलं? आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, मी त्यांना प्रत्यक्ष ऐकलंय. कोणी ओळखत नव्हतं तेव्हा.

खोलीत जे झालं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिघंही माझ्याकडे वळून बसले.

मास्तरांचा हिशोब पक्का. म्हणाले, तेव्हा तुम्ही जेमतेम बारा वर्षांच्या असाल, कोणी नेलं? म्हटलं, मामाने. मला मामा नाही. दादा म्हणता आलं असतं, पण दादा म्हटलं असतं तर कोणी म्हणालं असतं, त्यांनाही आणा की. म्हणून दादाला त्याच्याच गोष्टीतून काढून टाकलं.

खरं एवढंच — दादा वीस वर्षांचा, मी बारा. मलाही जायचं होतं, नवी रिबीन बांधून तयार होते. दादा म्हणाला, लहान मुलांना आत घेत नाहीत. मी जिन्यात बसून राहिले. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर तो रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बसून एकेक गाणं सांगायचा. वाजवून दाखवायचा, डब्यांवर, पाटीवर. टकल्या माणसाचा चेहरासुद्धा करून दाखवायचा. एवढं जीव लावून मला कोणी काही सांगितलं नाही, त्याआधी नाही, त्यानंतरही नाही.

आणि मी त्याचं नाव खोडलं.

८ फेब्रुवारी, रविवार

रेडिओवर पहिल्या रेकॉर्डवर एक तासाचा कार्यक्रम होणार आहे. चष्मेवाल्यांनी परस्पर माझं नाव कळवलं. बावीस तारखेला रेडिओवरची मुलगी यंत्र घेऊन दुकानात येणार, माझी ‘आठवण’ घ्यायला. सगळे एवढे खूश! नर्सबाईंनी त्या रविवारची ड्यूटी बदलून घेतली.

मी काय म्हणाले? म्हणाले, बघू, आवाज बसलाय थोडा.

नाही म्हणायला एक शब्द लागतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांनी विचारलं, रविवारी तिथे एवढं काय बोलत बसता? गाण्यांचं, म्हटलं. हे म्हणाले, दादांना ने की एकदा, त्यांना किती आवडायचं. मी भांडी जोरात आपटली.

१५ फेब्रुवारी, रविवार

क्रमाने लिहिते.

मास्तर म्हणाले, पुढच्या रविवारची तालीम म्हणून सगळं एकदा पहिल्यापासून सांगा. मी सुरू केलं. हॉलच्या दारापर्यंत आले होते, तेवढ्यात चष्मेवाले पुढचं दार उघडून कोणाला तरी आत घेऊन आले. म्हणाले, हे शुक्रवारी नवा चष्मा न्यायला आले होते, भिंतीवरचा फोटो बघून नुसत्या पाठीवरून ड्रमर ओळखला, म्हटलं तुम्ही आपल्यातलेच.

दादा.

सहा महिन्यांनी पाहिलं त्याला. बारीक झालाय. कानामागे यंत्र. त्याने मला पाहिलं, हसला, बोलणार होता — पण मास्तर म्हणाले, बसा, बसा, ताईंचं रंगात आलंय. तो बसला. खुर्ची माझ्याजवळ ओढली, ऐकू यावं म्हणून. आणि कान माझ्या तोंडाकडे केला.

मी थांबायला हवं होतं. इथे, ह्या पानावर, हजारदा लिहून ठेवते — थांबायला हवं होतं. थांबले नाही. पुढे बोलत गेले. घडीच्या खुर्च्या. काठी. टकल्या माणसाचा चेहरा करून दाखवला, दादाने करून दाखवला होता तसाच, त्याच्याच समोर. मला वाटत होतं आवाज हळू केला तर त्याला ऐकू जाणार नाही. म्हणून मुद्दाम हळू बोलले. एवढी खाली गेले मी.

संपल्यावर मास्तर दादाला म्हणाले, ऐकलंत ना? ह्यांच्या मामांनी नेलं म्हणून, नाहीतर एवढ्या लहान पोरीला कोण नेतंय!

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “मामा नव्हता हो. मी होतो बरोबर. माझी धाकटी बहीण आहे ही. लहान होती, तिला आठवत नसेल.”

खोलीत जल्लोष. चष्मेवाल्यांनी कपाळावर हात मारला, सख्खे भाऊ-बहीण आणि आम्हाला पत्ता नाही! लगेच गाणं लावलं. दादा स्पीकरच्या खोक्यावर तळवा टेकून बसला. म्हणाला, वरचे सूर आता जातात, ठोके हाताला कळतात. काठी सुटते तिथे त्याचं बोट बरोबर उचललं गेलं.

बारा वाजता आम्ही दोघं बाहेर पडलो. रस्ताभर तो नव्या चष्म्याबद्दल बोलत होता. जवळचं आणि लांबचं एकाच काचेत, पायरी उतरताना घाबरायला होतं वगैरे. फळवाल्याच्या गाडीपाशी मी म्हटलं, दादा, चुकलं माझं.

“काय?”

त्याने कानावर हात धरला. फळवाला बघत होता. रांगेतल्या दोघी बघत होत्या. मोठ्याने म्हणायला हवं होतं.

काही नाही, म्हटलं. चांगला दिसतो चष्मा.

१६ फेब्रुवारी, सोमवार

एक गोष्ट इथे तरी खरी लिहावी. सहा महिने मी त्याच्याकडे का गेले नाही? वहिनीला सांगते, काम फार. काम नाही फार. त्याच्याशी ओरडून बोलावं लागतं, त्याचा मला कंटाळा येतो. तो “काय?” म्हणतो, की माझ्या कपाळाला आठी पडते, आणि ती त्याला दिसते. नव्या चष्म्यातून जास्तच दिसेल.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मेसेज लिहिला. पुसला. पुन्हा लिहिला, त्यात ‘गैरसमज’ असा शब्द आला. तोही पुसला. कसला गैरसमज? चोरी होती.

आज एक कवळी उलटी बसवली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

२२ फेब्रुवारी, रविवार

झालं एकदाचं.

रेडिओवरची मुलगी दहाच्या आधीच आली होती. माइक टेबलावर, खाली नॅपकीन. दादाही आला होता — चष्मेवाल्यांनी बोलावलेलं. मुलगी समजूतदार. तिला दिसलं की दादाला ऐकू येत नाहीये, तर तिने आपले मोठे हेडफोन त्याला चढवले आणि आवाज वाढवला. दादाचा चेहरा उजळला. म्हणाला, बाप रे, किती स्वच्छ! खुर्ची सरकलेली ऐकू येते.

मुलगी म्हणाली, ताई, जिथून आठवतं तिथून सुरू करा.

नर्सबाई पुढे वाकून बसल्या होत्या. मी माइककडे बघत बोलले, माणसांकडे बघणं जमलं नसतं.

“मी तिथे नव्हते. मला मामाही नाही. माझा भाऊ गेला होता, त्याने मला सांगितलं ते मी माझं म्हणून सांगत आले, दोन वर्षं. मागच्या रविवारी त्याने मला सांभाळून घेतलं. दादा, तू ऐकतोयस ना? चुकलं माझं.”

ओरडावं लागलं नाही. हळूच म्हटलेलं त्याच्या कानापर्यंत पोचलं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

मुलीने यंत्र बंद केलं. सगळ्यात आधी नर्सबाई बोलल्या. “माझ्या वॉर्डात एक आजोबा होते. सुई म्हटली की घाबरायचे. तुमची ती काठीची गोष्ट सांगत मी त्यांना सुया टोचल्या, शेवटपर्यंत. त्यांना मी म्हणायचे, माझ्या मैत्रिणीने पाहिलंय.” एवढं बोलून पर्स घेतली आणि निघून गेल्या. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

चष्मेवाले उगाच रेकॉर्ड पुसत राहिले. मास्तरांनी घसा खाकरला. म्हणाले, म्हणजे काठी सुटली, हे खरं की तेही नाही? दुसऱ्या कोणाच्या तोंडून आलं असतं तर हसले असते. म्हटलं, दादाला विचारा. आता तोच सांगेल.

सगळे दादाकडे वळले. मुलीने यंत्र पुन्हा सुरू करून माइक त्याच्यासमोर ठेवला. मला वाटलं, आता तरी ज्याचं त्याला मिळेल.

दादाने हेडफोन काढले. वायर नीट गुंडाळली. चेहरा पांढराफटक. म्हणाला, “मला काही सांगायचं नाही,” आणि टोपी न घेताच निघाला. मी मागे धावले. त्याने नुसता हात वर केला — येऊ नकोस.

टोपी माझ्याकडे आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

वहिनीचा फोन. तो जेवला नाही म्हणे. तुमच्यात काही झालं का, विचारत होती. झालं, म्हटलं, माझ्यामुळे.

दोन वर्षं त्याचं चोरलं. परत दिलं तर ते मोडूनच दिलं. चारचौघांत, माइकसमोर. एकट्याला त्याला सांगायला काय झालं होतं? कागदावर लिहून हातात देता आलं असतं. तेही मला काल सुचलं नाही, आज सुचतंय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी दादा लॅबमध्ये आला. पहिल्यांदाच. प्लास्टरच्या धुळीत, माझ्या टेबलाशी उभा राहिला. आपला आवाज किती मोठा निघतोय हे त्याला कळत नाही, त्यामुळे पलीकडच्या दोघींनी हात थांबवून सगळं ऐकलं.

म्हणाला, “लहान मुलांना आत घेत होते. तिकिटं दोन होती. आईने तुझं तिकीट माझ्याकडे दिलं होतं, आणि मी ते एका मुलीला देऊन टाकलं. ती आलीच नाही. सगळा वेळ माझ्याशेजारची खुर्ची रिकामी होती.”