बोलायचं, गायचं नाही

३ मार्च, रविवार
मंडळाची बैठक उत्तम झाली. पावणेदोन तास मीच बोललो. विषय: म्हाताऱ्याच्या 'दिवा' या गाण्यातलं दुसरं कडवं. म्हातारा म्हणजे आमचा गीतकार. नावाड्यांच्या जुन्या चालींमागे त्याने पहिल्यांदा ड्रम आणि गिटार लावले, तेव्हा लोकांनी खुर्च्या फेकल्या. पुढे त्याच लोकांनी त्याच्यावर पुस्तकं लिहिली. आम्ही चाहते दर रविवारी दुकान बंद झाल्यावर जमतो. दुकान माझं, चष्म्यांचं. बाकीच्यांना स्टुलं, मला डोळे तपासायची खुर्ची. ती मी पूर्ण वर घेतो. अध्यक्षाला सगळे दिसायला हवेत.

'ये माझ्या खोलीत, पण दिवा लावू नकोस.' या एका ओळीचे मी सात अर्थ काढले. दिवा म्हणजे सत्ता, दिवा म्हणजे प्रसिद्धी, वगैरे. मास्तर म्हणाला, दिवा म्हणजे दिवासुद्धा असू शकतो. मास्तर माझा कॉलेजपासूनचा मित्र, शाळेत भूगोल शिकवतो. भूगोलवाल्यांकडून जास्त अपेक्षा नाही.

संकल्प: पुढच्या वेळी इतरांनाही बोलू द्यायचं. निदान दहा मिनिटं.

५ मार्च, मंगळवार
दुकानात एक बाई आल्या. वाटलं, नंबर वाढला असेल. निघाल्या रेडिओच्या. म्हाताऱ्याच्या गाण्यांवर आणि त्यांच्या प्रभावावर चाहत्यांच्या गप्पा, असा तासाभराचा कार्यक्रम करायचाय. रेकॉर्डिंग २४ तारखेला, इथेच. मी म्हणालो, तास मी एकटाही भरून काढेन, काळजी नको. बाईंनी विचारलं, तुमच्यात गातं कोण? सांगितलं, कोणीच नाही. आमचा एकच नियम: बोलायचं, गायचं नाही. नियम मीच केलाय. कोणीही उठावं आणि ही गाणी म्हणावी, हे मला खपत नाही. म्हातारा स्वतः बेसूर गातो, पण तो विचारपूर्वक.

बाई 'अच्छा' म्हणाल्या आणि वहीत काही लिहिलं नाही. भारावल्या असाव्यात.

६ मार्च, बुधवार
बायको बहिणीकडे गेलीय. दर बुधवारी जाते. मला निवांतपणा मिळतो. रेडिओच्या भाषणाचं पहिलं वाक्य लिहिलं. खोडलं. चहा केला.

पूर्वी बायकोही मंडळात बोलायची. 'दिवा'बद्दल एकदा म्हणाली होती, गाण्यातली ती बाई लाजत असेल बिचारी, एवढंच. मी तिला नीट समजावलं, उदाहरणं दिली. तेव्हापासून ती फक्त ऐकते. माझी मतं पटली असणार. आज सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होती. घसा धरलाय म्हणे. जी बोलतच नाही तिचा घसा धरतो कशाने?

१० मार्च, रविवार
रेडिओची बातमी जाहीर केली. टाळ्यांसाठी थांबलो. सिस्टरने (हॉस्पिटलात नर्स आहे) विचारलं, एखादं गाणं म्हटलं तर? इन्शुरन्सवाल्याने लगेच री ओढली, रेडिओ आहे हो, नुसतं काय बोलत बसायचं. मी नियमाची आठवण करून दिली. सगळ्यांनी मास्तरकडे पाहिलं. मास्तरने माझ्या बायकोकडे पाहिलं. बायको समोरच्या डोळे तपासायच्या तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ वाचत बसली.

हे पाहणं मला आवडलं नाही. मास्तरचा घसाही बसलेला होता. हवा खराब आहे.

दहा मिनिटांचा संकल्प राहून गेला. परिस्थितीच तशी होती.

१३ मार्च, बुधवार
संध्याकाळी मेहुणीचा फोन. ताई आहे का? मी म्हणालो, तुझ्याकडेच आलीय ना. ती गडबडून म्हणाली, अहो हो हो, पोचतच असेल, भावजी. आणि फोन ठेवला.

बायको घरी आल्यावर विचारलं, बहीण कशी आहे? म्हणाली, मजेत.

मी शांत आहे.

१४ मार्च, गुरुवार
एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याला डावी काच उजवीकडे बसवली. तो म्हणाला, जग तिरकं दिसतंय. मी म्हणालो, तसंच आहे ते.

'निरोपाचा कोट' पुन्हा ऐकलं. मित्र घरी येतो, कोट विसरून जातो, तो कोट वर्षभर खुंटीवर राहतो आणि नवरा काही विचारत नाही. मंडळात मी हे राजकीय गाणं म्हणून शिकवत आलोय. आज त्यात राजकारण दिसेना. कपाटं उघडून पाहिली. कोट नाही. मास्तरची छत्री मात्र सापडली! बायको म्हणाली, तूच आणलीस, परत करायला विसरलास. उत्तर कसं तयार होतं, बघा.

१७ मार्च, रविवार
ठरवलं होतं, डोकं थंड ठेवायचं. विषय घेतला 'म्हाताऱ्याच्या गाण्यांतला विश्वासघात'. सबंध वेळ मास्तरवर नजर रोखून बोललो. मास्तरने जांभई दिली. निगरगट्ट माणूस. निघताना तो आणि बायको दाराशी कुजबुजत होते. मी जवळ गेलो तर म्हणाला, लेका, माझा नंबर वाढलाय का बघ जरा, हल्ली जवळचं दिसत नाही.

मला मात्र जवळचं आता दिसायला लागलंय.

संकल्प: बुधवारी सोक्षमोक्ष. आवाज चढवायचा नाही. एकच वाक्य बोलायचं, पण असं की दोघांनाही जन्मभर पुरेल.

१९ मार्च, मंगळवार
वाक्य तयार आहे. आरशासमोर म्हणून पाहिलं. जरा लांब होतंय. मध्ये श्वास घ्यावा लागेल.

२० मार्च, बुधवार
दुकान लवकर बंद केलं. अंतर ठेवून बायकोच्या मागे निघालो. ती सरळ मास्तरच्या बिल्डिंगमध्ये शिरली. इकडे तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मी समोरच्या औषधांच्या दुकानाशी थांबलो. औषधवाला सारखा काय हवंय विचारायला लागला, म्हणून खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. मग जिना चढलो. मध्ये दोनदा थांबलो. जिना उंच आहे.

दाराला कान लावला. आतून बायकोचा आवाज आला: ये माझ्या खोलीत, पण दिवा लावू नकोस.

बेलवर बोट ठेवलं ते उचललंच नाही. दार मास्तरच्या बायकोने उघडलं. वहिनी म्हणाल्या, अगंबाई, तुम्ही!

आत सिस्टरच्या मांडीवर गिटार. इन्शुरन्सवाला उपड्या बादलीवर ताल धरून. मास्तरच्या तोंडात माउथ ऑर्गन. मधोमध बायको, डोळे मिटून गातेय. बाकीचे थांबले तरी ती दोन ओळी पुढे गेली. मग तिने डोळे उघडले आणि मला पाहिलं. तोंड तसंच उघडं राहिलं, आवाज तेवढा गेला.

माझं वाक्य आठवेना. तोंडातून एवढंच निघालं की दुसरं कडवं तुम्ही फार घाईत घेताय.

कोणी हसलं नाही. बायकोने पर्स उचलली.

२१ मार्च, गुरुवार
चार वर्षं चाललंय हे. सगळे सामील. मेहुणीसुद्धा! मी बायकोला विचारलं, मग रविवारी कशाला येता? ती म्हणाली, रविवारी आम्ही तुझ्यासाठी जमतो, बुधवारी आमच्यासाठी. मला सांगायचं ना, मी म्हणालो. तर म्हणाली, सांगितलं असतं तर बुधवारीही तूच बोलला असतास.

मी बरंच बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, रेडिओवर मी गाणार आहे. तुला नियम ठेवायचा तर नियम ठेव, मला ठेवायचं तर मला. आणि उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेली.

सगळं आयुष्य या बाईबरोबर काढलं. पण आज भीती वाटली. खरोखर वाटली.

२२ मार्च, शुक्रवार
शांतपणे विचार केला. बुधवारचा प्रकार म्हणजे मुळात आमच्या मंडळाचाच प्रात्यक्षिक विभाग. माझ्या विवेचनाशिवाय त्यांना ही गाणी समजली तरी असती का? अध्यक्ष या नात्याने मान्यता दिली. बायकोला तसं कळवलं. ती म्हणाली, बरं.

उशी अजून हॉलमध्येच आहे.

२४ मार्च, रविवार
रेकॉर्डिंग झालं. आधी मी. प्रभावाचे तीन टप्पे सविस्तर मांडले. रेडिओच्या बाई मधून मधून मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, आता गाणं घेऊ. माझी खुर्ची करकरत होती, ती खाली घ्यायला लावली. तरी काहीतरी आवाज येतोय म्हणाल्या. शोधलं तर तो माझ्या श्वासाचा निघाला. मी बाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिलो.

शोकेसच्या काचेतून बायको दिसत होती, फ्रेम्सच्या मागे. ऐकू काही येत नव्हतं. एवढ्या मोकळ्या चेहऱ्याची ती मी कधी पाहिली होती, आठवायचा प्रयत्न केला. मागून एक गिऱ्हाईक आलं, दुकान चालू आहे का विचारत. नाही म्हणालो.

७ एप्रिल, रविवार
कार्यक्रम लागला. बैठक रद्द करून आम्ही दोघांनी घरीच ऐकला. मास्तर त्या चालींतल्या नावाड्यांच्या नदीबद्दल बोलला, बरा बोलला. सिस्टरने सांगितलं की ती वॉर्डात पेशंटना ही गाणी गुणगुणते. मला कधी बोलली नव्हती. मग माझा आवाज आला. मी विचारत होतो, सुरू झालं का? बस, तेवढंच ठेवलंय. टप्पे सगळे गेले. कात्री लावताना घाई झाली असावी.

त्यानंतर बायकोचं गाणं. त्या दिवशी दाराबाहेर मी ते पुरावा म्हणून ऐकलं होतं, आज गाणं म्हणून ऐकलं. चांगलं गाते. फार चांगलं गाते. दुसरं कडवं घाईत नाही, बरोबर आहे. मला रडू आलं. उद्या नाकारायला नको म्हणून लिहून ठेवतोय.

गाणं संपलं तेव्हा तिला म्हणालो, एकदा इथेच म्हण ना. फक्त मला. मी काही बोलणार नाही.

तिने रेडिओ बंद केला. रागावली नव्हती, उलट माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, तुझ्यासमोर नाही रे येत मला. मग दोरीवरचे कपडे काढायला गेली.

तिचं वाक्य लिहून काढलं. सवयीप्रमाणे खाली आकडे घातले, एक ते सात, आणि अर्थ काढायला बसलो.

एकच निघाला.