मलकूची हाव, मलकूचं 'हाव'

११ नोव्हेंबर, नांदेड
कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांची मोजणी. कंबर गेली. त्यात वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर एकच गुऱ्हाळ: 'नऊ वेशी' कादंबरीमधल्या कुणाच्या पूर्वकथेवर सिनेमा निघावा? निम्मे धूळराणीच्या बालपणाच्या मागे. काहींना आंधळा नकाशेवाला पाहिजे. एकाने तर राणीच्या घोड्यावरच सिनेमा काढा म्हटलं. एकालाही कामधंदा नाही.
मी ॲडमिन. तिन्ही भाग टाइप करणारीही मीच, आणि टोपणनावाने लिहिणारा माझा सख्खा भाऊ, हे मात्र तिथे कुणाला ठाऊक नाही. दादाची शपथ आहे. लातुरात क्लासला केमिस्ट्री शिकवतो. म्हणतो, "सर राक्षस लिहून राहिलेत असं पालकांना कळालं, तर पोरं दुसऱ्या क्लासला जातील."

१२ नोव्हें.
दा.चा फोन. आवाजात जीव होता, कित्येक वर्षांनी. कुणी सिनेमावाले भेटून गेले. एका पूर्वकथेवर सिनेमा करायचाय, कुणाच्या ते वाचक काय म्हणतात त्यावर. "तुझ्या ग्रुपवर लक्ष ठेव." घ्या. माझ्या डोक्याला आणखी एक.

१४ नोव्हें.
पुण्याच्या ओंकारची भलीमोठी पोस्ट. सिनेमा एकाचाच: सातव्या वेशीचा पहारेकरी मलकू, ज्याने शत्रूला आत सोडलं. पुरावा म्हणून दुसऱ्या भागाचा शेवट टाकलाय. राणी विचारते, "वेस तूच उघडलीस? काय म्हणून?" मलकू मान खाली घालतो. "हाव." तिथेच प्रकरण संपतं.
ओंकार लिहितो, एका शब्दात कबुली! लोभ! ही हाव त्याच्यात आली कुठून, तोच सिनेमा. खाली अंगठ्यांची ही लांब रांग.
मी फोन पालथा ठेवून भाकरी थापल्या. अरे बाबांनो, हाव म्हणजे हो. आमची भाजीवालीसुद्धा हेच म्हणते. मलकूने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, दुसऱ्याचं दिलंच नाही. टाइप करताना मला दुसरा अर्थ सुचलाही नव्हता. सुचला असता तर एक तळटीप...

१५ नोव्हें.
उदगीरचे स्वामीकाका, कापडदुकानवाले, ग्रुपमधले सगळ्यात सज्जन. त्यांनी लिहिलं, "आवो, आमच्याकडं हाव म्हंजे हो. लेखक आपल्याच भागातला दिसून राहिला." त्यावर ओंकार: "काका, लेखकाला शुद्ध मराठी येते हो." मग हसणारे चेहरे, पंधरा-वीस. काका ग्रुप सोडून गेले.
ॲडमिन गप्प. लाज वाटली. अजून वाटते आहे.

१७ नोव्हें.
मतदान झालं. मलकू पहिला, बाकीचे पार मागे. आप्पा, आमचे वडील, ओट्यावरून विचारतात, "सारखं कोन मेसेज करून राहिलंय गं?"
काय सांगू. मलकू म्हणजे आप्पाच. मुदखेड रस्त्यावरच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसाच्या कारखान्याच्या, गेटवर पहाऱ्याला होते. गारपीट सुरू झाली, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, बायामाणसं, तान्ही लेकरं. आप्पांनी कुणाला न विचारता गेट उघडून सगळ्यांना आत घेतलं. नंतर पाहतात तर कापसाच्या सहा गाठी गायब. मालकाने चारचौघांत विचारलं, "गेट तूच उघडलं ना? काय भेटलं तुला?" आप्पा म्हणाले, "हाव." नोकरी गेली. शाळेत पोरं आम्हाला 'गाठचोर' म्हणायची. घरी आम्ही कधी बोललो नाही आणि आप्पांनीही आजवर त्यावर शब्द काढलेला नाही.
आता तेच मोठ्या पडद्यावर येणार. लोभी पहारेकरी. माझा जीव जळतो.

२० नोव्हें., लातूर
रजा टाकून दा.कडे. चाकूरला बस बंद पडली, तासभर उन्हात. क्लासच्या दोन बॅचमधल्या वेळात तो बसला, हात खडूने पांढरे. म्हटलं, मला ग्रुपवर खरं सांगू दे. नसता तू सांग सिनेमावाल्यांना.
"मलकू नुसतं हो म्हणला, तर पिच्चर कुठाय त्यात? लोभ हाय म्हणून घेऊन राहिलेत ते."
"आप्पांच्या जिवावर?"
त्याने हातांवरचा खडू झटकला. मग म्हणाला, "शैले, मला खरंच ठाऊक न्हाई. दोन्ही अर्थ बसतेत म्हणून तसं लिवलं."
"म्हंजे?"
"त्याच साली मला नवी सायकल आली. आठवून राहिलं का?"
आठवतंय. कॅरिअरवर मीच बसायचे. मामाने दिली, असं आई सांगायची. मामा तेव्हा स्वतः पायी फिरत होता, हे मला आज, पन्नाशीला आल्यावर, लक्षात आलं.
चहा तसाच ठेवून निघाले. रागाने नाही.

२१ नोव्हें.
अंग दुखतंय. ग्रुपवर मलकूच्या भूमिकेला कोण शोभेल यावर भांडणं. वाचली नाहीत.

२३ नोव्हें.
दा.चा मेसेज. "आप्पांना तूच इचार. तू हो म्हणलीस तरच सही करतो." म्हणजे ओझं पुन्हा माझ्याच डोक्यावर. पहिल्यापासून असंच.
दुपारी आप्पांच्या पायांना तेल लावता लावता सांगितलं. दादाने एक गोष्ट लिहिली, राजाराणीची. त्यात एक पहारेकरी दार उघडतो. का उघडतो ते सिनेमात दाखवणार. लोक म्हणतात, लोभापायी.
आप्पांना कमी ऐकू येतं, पण हे ऐकलं. सायकल कुठून आली होती, असं अगदी ओठावर आलं माझ्या. नाही विचारवलं. विचारून जे कळेल ते घेऊन मी याच घरात राहणार कशी?
मग तेच म्हणाले, "त्या मानसाला लेकरं हायेत का, पिच्चरात?"
म्हटलं, अजून ठरायचंय.
"दावू नका म्हनावं." त्यांनी पाय ओढून घेतला. "त्यानं केलं असंल, नसंल. लेकरांना शाळंत जावं लागतं."
आणि भिंतीकडे तोंड करून पडले.
म्हणजे आप्पांना सगळं माहीत होतं, पोरं आम्हाला काय म्हणायची ते.
दादाचे दोन मिस्ड कॉल आहेत. हात तेलाचे होते म्हणून उचलले नाहीत, असं सांगता येईल. आता धुतले आहेत.