मिलासाठी घोकलेलं एक वाक्य

मुर्मान्स्क, रविवार

लाडक्या तमारा,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, तुला आणि तुझ्या खोडकर शेळीलाही.

माझ्या लरिसाचं ऑपरेशन नीट झालं. लेकीला अजून अन्न जात नाही, पण जाईल. तुझा खोकला गेला का? खरं लिही.

इथे मी ग्रंथालयात म्हाताऱ्यांच्या इंग्रजी वर्गाला जाते. ऑकलंडची नात मिला फोनवर मला बघते नि पळते. माझं रशियन तिला कळत नाही ना! सध्या 'अमुक केलं आहे, तमुक कधीच केलेलं नाही' असं बोलायचा सराव चाललाय. आपल्या रशियनमध्ये त्याला वेगळं रूप नाही, म्हणून सगळ्यांची तारांबळ. गेन्नादी म्हणाला, "मी कधीच आजारी पडलेलो नाही," आणि अख्ख्या वर्गाने लाकडी टेबलं ठोकली.

"आजोबा, इंग्रजीत दृष्ट लागत नाही!" बाई हसल्या.

"पोरी, दृष्टीला भाषा कुठे कळते?"

आज मिलाला घोकलेलं वाक्य विचारलं, "जेवली आहेस का?" ती थबकली. आपली बशी आणून दाखवली आणि पंधरा मिनिटं बडबडत बसली. मला ओ की ठो कळलं नाही. पण तमारा, ती पळाली नाही.

जिला आज स्वर्ग दोन बोटं उरलाय ती,
तुझी रिम्मा