बाहेर मारलेला चेंडू

मी, शेवटी जिची सही आहे ती बाई, वय ऐंशी पूर्ण, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा धुलाई. फुटबॉल क्लबाचे कपडे बेचाळीस वर्षं धुतले. शुद्धीत आहे का हे बघायला डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या कॉलरवरचा डाग कशाचा तेही सांगितलं. त्यांनी लगेच दाखला दिला. मला कुणी धमकावलेलं नाही, कुणी लाडीगोडी लावलेली नाही. लावली असती तरी पाणी वायाच गेलं असतं. यापूर्वी लिहिलेलं सगळं रद्द समजावं, असं लिहा म्हणून वकील सांगतात. यापूर्वी मी फक्त कपड्यांच्या याद्या लिहिल्या. त्याही रद्द.

कलम एक. मैदानाच्या मागच्या भिंतीला टेकून माझं घर आहे, दोन खोल्या आणि धुण्याची खोली. सकाळी वाफ भरली की धुण्याच्या खोलीला भिंती राहत नाहीत. हात पुढे केला तर तो कुणा दुसऱ्याचाच वाटतो. हे घर मी मुलीला देते. मुलाला नाही, कारण त्याला क्लबानं घर दिलंय आणि त्यात दोन न्हाणीघरं आहेत. मुलगी अकरा वर्षं या घराचा उंबरा चढलेली नाही. घर तिच्या नावावर झालं म्हणजे निदान कुलूप लावायला तरी येईल.

कलम दोन. अंगणातल्या सोळा तारा आणि इस्त्रीचं टेबल शेजारच्या शिंपिणीला. वाऱ्यावर शर्ट फुगले की मुंडकं नसलेले अकराजण हवेत धावायचे, मागे अकरा दुसरे. कुणी कुणाला पाडत नसे. मी पिळे घालता घालता तो सामना बघत बसायची, नि गोल कधी व्हायचाच नाही. शिंपिणीला साक्षीलाही बसायचं होतं, पण ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये असा नियम आहे म्हणे. आयुष्यात पटलेला हा पहिला नियम.

कलम तीन. नवऱ्याची चुन्याची गाडी सध्याच्या मैदानवाल्याला. माझा नवरा मैदानावर रेषा आखायचा. सामन्याच्या आदल्या दिवशी कोच यायचे. "काका, कडेच्या रेषा जरा आत घ्या, समोरचे फार पळतात." नियमात तेवढी सूट असते, म्हणून हा घ्यायचा, आणि घरी येऊन न जेवता पडायचा. आता दुपारी डोळा लागला की तो दिसतो. गाडी ढकलत फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडून, आमच्या स्वयंपाकघरातून, दोन उशांच्या मधून पांढरी रेष ओढत जातो. मी विचारते, "अहो, कुठवर?" म्हणतो, "मोजतोय." डावं चाक कुरकुरतं. तेल घालावं.

कलम चार. कारणं लिहायची गरज नाही असं वकील म्हणाले. त्यांना म्हटलं, साहेब, माझ्याकडे मालमत्ता थोडी आणि कारणंच जास्त आहेत.

माझा मुलगा आमच्या क्लबाचा कोच. माझा जावई तेव्हा नदीपलीकडच्या क्लबाचा कोच होता. पोरवयात दोघं एकाच संघात खेळले. दोघांचे मोजे मी एकाच बादलीत भिजवले. जावईबापू काही धुतल्या तांदळाचे नाहीत, त्यांचे कपडे मी धुतलेत. आपला संघ पुढे असला की जादाचे चेंडू त्यांच्या बाकाखाली गडप व्हायचे, आणि बदलून येणारा खेळाडू देवदर्शनाला निघाल्यासारखा रमतगमत बाहेर यायचा.

पण त्या दिवशीचं वेगळं. हंगामाचा शेवटचा सामना. आम्ही जिंकलो तरच वाचणार होतो. हरणारा खालच्या गटात. त्यांना बरोबरी पुरत होती. एक-एक झाले होते, दहा मिनिटं उरलेली, आणि चेंडू त्यांच्या पायातून सुटेना. तेवढ्यात आमचा पाच नंबर गुडघा धरून पडला. जावई कडेवरून ओरडला, "बाहेर मार! माणूस पडलाय!" त्याच्या खेळाडूनं चेंडू बाहेर मारला. अशा वेळी आत फेकताना चेंडू ज्यांनी बाहेर मारला त्यांना परत द्यायचा, अशी रीत आहे. लिहिलेली कुठेच नाही, पाळतात सगळे. ते कमरेवर हात ठेवून वाट बघत उभे होते. माझा मुलगा ओरडला, "द्यायचा नाही! खेळा!" आमचा गोल झाला. पंचानं दिला, न देऊन करतो काय? जावयाची नोकरी गेली. मुलगा तेव्हापासून एकच म्हणतो, "पोरगा खरंच पडला होता. पुढचं घाईत झालं."

सोमवारी मी पाच नंबरचा मोजा उलटा केला. आत घडी घातलेला कागद. बदली खेळाडूनं आत जाताना आणून दिलेला असणार. अक्षर माझ्या मुलाचं. ते मीच गिरवून घेतलंय, मला चुकणार नाही. लिहिलं होतं, "चेंडू सुटेना झाला की पड. तो बाहेर मारेल. मी त्याला ओळखतो."

मी चिठ्ठी वाळवली, फडक्याखाली इस्त्री केली, बटणांच्या डब्यात ठेवली. त्याच दुपारी मुलगी आली. वाफेत तिचा चेहरा नुसता पांढरा ठिपका.

"आई, कपडे तू धुतेस. तुला सगळं कळतं. तो खरंच पडला होता का गं?"

"मला काय कळतंय? सरक, साबण दे."

तिनं साबण दिला. मग कडीचा आवाज तेवढा आला. महिन्याभरात ती दोघं चार तासांवरच्या गावी गेली. फोन करते, तब्येत विचारते. ते पुन्हा विचारलं नाही. मुलानं लबाडी केली ती जिंकायला. मी कशासाठी केली हे मला अजून सांगता येत नाही. डुलकीत तो चेंडू अजून रेषेबाहेर गवतात पडलेला असतो. धुकं असतं. सगळे उभे असतात, कुणी आणायला जात नाही, आणि मी साबण शोधत असते.

तर ती चिठ्ठी मी जावयाला देते. फाडावी, भिंतीवर लावावी, संघटनेकडे न्यावी. मुलाला आता देशाच्या संघाचं कोचपद मिळायचं आहे. चिठ्ठी बाहेर आली तर मिळणार नाही, हे जाणून देते. अट घालत नाही. तुम्ही दोघं कोच. मी लिहिलं की एका टेबलावर जेवा, तर पाठीला पाठ लावून जेवाल आणि नियमात बसलं म्हणाल.

हे मी काल मुलाला वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर मी तारेवरची वाळलेली चादर काढायला घेतली.

"आई, असं लिहू नकोस. सगळं जाईल माझं."

"आईनं लिहू नये, असं कुठल्या नियमात आहे?"

"मी तुझा मुलगा आहे."

"म्हणूनच अकरा वर्षं लागली."

"तो काय करेल?"

"मला काय विचारतोस? तू त्याला ओळखतोस ना?"

चादरीचं दुसरं टोक धरून त्यानं माझ्याबरोबर घडी घातली. वाकडी घातली.

कलम पाच. बँकेत असेल ते नातीला. ती पंच व्हायचं म्हणते. व्हावं. तिनं शिट्टी घरातही वापरावी.

दुरुस्ती, दुसऱ्या दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर. आज सकाळी बटणांचा डबा उघडा होता, चिठ्ठी नव्हती. मी म्हटलं, जाळली असणार. मुलगा माझा आहे. दुपारी मुलीचा फोन आला.

"आई, दादा आलाय. यांच्या हातात एक चिठ्ठी दिली. म्हणाला, आई मेल्यावर मिळण्यापेक्षा मीच आणली."

"मग?"

"हे वाचून अंगणात जाऊन उभे राहिले. मग एवढंच म्हणाले, 'पुन्हा कुणी पडलं तरी मी बाहेरच मारेन.' दादा पायरीवर बसलाय. चिठ्ठीचं काय करणार, काही सांगत नाहीत. आई, तुला तेव्हा माहीत होतं?"

"होतं," मी म्हटलं. "त्याच दिवशी."

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

जी वस्तू माझ्याकडे नाही ती मला देता येत नाही. सबब कलम चारमधली देणगी रद्द. मजकूर खोडू नये.

सही: स्वतःची. अंगठा मागू नये.
साक्षीदार पहिले: डॉक्टर (कॉलर बदललेली).
साक्षीदार दुसरे: क्लबाचे जुने फाटकवाले, चष्मा घरी राहिल्यामुळे मजकूर वाचून दाखवला, दोनदा.
ठिकाण: धुण्याची खोली.
दिनांक: सतरा ऑक्टोबर, सोमवार. साल वकिलांच्या शिक्क्यात आहे.